दोन डब्या

अकरा वाजता डॉक्टरीणबाईंनी दोघांना एकदमच आत बोलावलं. औषधाची चाचणी संपली होती. कुणाला खरी गोळी मिळाली आणि कुणाला नुसती पिठाची, हे आजवर डॉक्टरीणबाईंनाही ठाऊक नव्हतं. ते आज कळणार होतं.

नवरा लिफ्टमन, बायको रफू करणारी. दोघांनाही जुना मधुमेह, दोघांच्याही डोळ्यांच्या पडद्यावर रक्ताचे बारीक ठिपके. ते वाढू नयेत म्हणून हे नवं औषध. डब्या सारख्या, गोळ्या सारख्याच पांढऱ्या. फरक काय तो झाकणावरच्या नावाचा. "एकमेकांच्या गोळ्या घेतल्यात तर दोघंही बाहेर," असं पहिल्याच दिवशी बजावून सांगितलं होतं.

तीन वर्षांनी नवऱ्याचे डोळे होते तसेच होते. बायकोचा डावा गेला होता. उजव्याला खिडकी कुठे आणि माणूस कुठे, एवढं कळायचं. कोटाला पडलेलं भोक तिच्या बोटांना अजून सापडे, पण ते बुजवायचा धागा दिसत नसे. लाँड्रीवाल्यानं तिच्याकडे कपडे पाठवणं बंद केलं होतं.

खुर्चीत बसताना नवरा रागात होता. राग औषधावर होता. खरी गोळी कुणाच्या पोटात गेली ते आपल्याला माहीत आहे, अशी त्याची खात्री होती. चाचणीच्या सुरुवातीलाच त्याचं पोट बिघडलं होतं आणि बायकोला काहीच झालं नव्हतं. म्हणजे दम आपल्या गोळीत, हिच्या वाट्याला पीठ. "लिफ्टला डोळे कशाला लागतात? वर नाहीतर खाली, तिसरीकडे ती जातच नाही," असं तो नेहमी म्हणायचा. रफूचं तसं नव्हतं, आणि घर चालायचं ते रफूवर. तेव्हापासून नव्या डब्या आल्या की तो स्वयंपाकघरात जाऊन आपल्या गोळ्या तिच्या डबीत ओती आणि तिच्या आपल्या डबीत. हे त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं. तिलाही नाही.

"काका, औषध चांगलं निघालं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "खरी गोळी होती त्यातल्या बहुतेकांचे डोळे टिकले."

"टिकले?" तो म्हणाला. "ही काय समोर बसलीये. विचारा हिलाच, किती टिकले ते."

त्यांनी संगणकाकडे पाहिलं. "त्याचंच वाईट वाटतं. काकूंना खरीच गोळी होती. एखाद्याला नाही लागू पडत. नकली होती ती तुम्हाला. तरी तुमचे डोळे ठणठणीत. नशीबवान आहात."

"पण माझं पोट..."

"पोट काय, नुसत्या समजुतीनंही बिघडतं."

बायको पदराशी चाळा करत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

खरी गोळी तीन वर्षं त्यानं खाल्ली होती.

डॉक्टरीणबाईंनी टेबलावर एक नवी डबी ठेवली. ज्यांच्या वाट्याला पीठ आलं, त्यांना आता खरं औषध मिळणार होतं. "एक दिवसही चुकवू नका. थांबवलं की पडदा पुन्हा बिघडायला लागतो."

"आणि हिला?"

"त्यांना लागू पडलंच नाही ना, काका. नियमात बसत नाही."

"तिचा उजवा?"

"औषधाशिवाय काय होईल, सांगता येत नाही."

त्यानं बोलायला तोंड उघडलं. 'दोघंही बाहेर' हे त्याला आठवलं. त्यानं डबी खिशात घातली आणि बायकोचा हात धरून तो बाहेर आला.

संध्याकाळी बायकोनं त्याचा सदरा मांडीवर घेतला. बाही उसवली होती. "एवढा दोरा ओवून द्या," ती म्हणाली, "साधी शिवण आहे, बोटांनी जमेल."

त्यानं सुई उजेडाकडे धरली. दोरा पहिल्याच झटक्यात नेढ्यातून पार गेला. त्याला वाटलं, दोनदा तरी चुकायला हवा होता.

"गेला लगेच?" तिनं विचारलं.

"हो."

"मला आवाज यायचा हो."

"कसला?"

"गोळ्या ओतल्याचा. नव्या डब्या आल्या की दर वेळी."

तो सुई धरून तसाच उभा राहिला. "मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, खरी माझ्याकडे येतेय." तिनं सुईसाठी हात पुढे केला. हात सुईच्या वीतभर बाजूला गेला. "तुमचे डोळे जाणार, हे कळत होतं मला. तरी गिळत होते. रोज."

त्यानं तिचा हात धरून सुई बोटांत दिली. ती बाही चाचपू लागली. दोन टाके घातले आणि थांबली.

"आता ही नवी कुठल्या डबीत ओतणार?"



गोळी जेवणानंतर घ्यायची असते. जेवणं झाली. भांडी घासून पालथी घातली. फळीवर तिची जुनी रिकामी डबी आहे आणि शेजारी त्याच्या नावाची नवी. नवीचं सील अजून फुटलेलं नाही.