फोटोखालची ओळ

“परिसरात म्हणजे कुठे?” मंजुषाने फोटो टेबलावर आपटला.

फोटोग्राफर ललित खिडकीबाहेर बघत राहिला. “नाशिक परिसरात. एवढंच लिहा ना मॅडम. चालतं.”

“तुला चालतं. मला नाही.”

रविवारच्या पुरवणीचं शेवटचं पान मंजुषाकडे होतं आणि त्यावर एक मोठा फोटो जायचा. मागे एकदा ‘नाशिक परिसरातील धबधबा’ म्हणून छापलेला फोटो कर्नाटकातला निघाला होता. वाचकांनी फोन करकरून हैराण केलं. संपादक ओरडले नाहीत. पुन्हा असं झालं तर ते पान जाहिरातींना देऊ, एवढंच म्हणाले. घरी तर दीर नवनाथ रोज चहाबरोबर तिचं पान चघळायचा. “वहिनी, परिसर म्हणजे किती किलोमीटर असतो हो?”

आणि आता ललितने सशाची पिल्लं आणली होती. तीही अशी, की ससा कुठला आणि ढेकूळ कुठलं ते कळू नये.

“हे काय आहे?”

“हललाय थोडा. परत जाऊन काढतो.”

“गेल्या खेपेला रोल अडकला. त्याच्या आधी ऊन नव्हतं. उद्या मीच येते. ससे बघते आणि गावही बघते.”

“गावाचं नाव कशाला? उगाच गर्दी होते. लोक वावर तुडवतात.”

“सशासाठी? लोकांना दुसरे उद्योग नाहीत?”

सकाळी ललितच्या एम-एटी गाडीवर मागे बसून ती सायखेड्याला पोचली, तेव्हा तिच्या केसांत धूळ होती आणि कंबर धरली होती. नदीकडच्या वाटेने पुढे चिमाजी नावाच्या शेतकऱ्याचं लसूणघासाचं वावर होतं. सगळा घास कापून झाला होता. मध्ये तेवढा एक पट्टा उभा ठेवला होता.

“ललितभाऊंनी सांगितलं म्हणून ठेवलाय,” चिमाजी कौतुकाने म्हणाला.

“गाय उपाशी आन् सशाला मखर!” त्याची बायको नवसाबाई विळा घेऊन तिथेच उभी होती. “किती दिस काढायचा हो फोटू? लग्नातबी येवढे काढत नाय.”

“तेच विचारतेय मी,” मंजुषा म्हणाली.

पट्ट्याच्या कडेला दोन पिल्लं मातीला चिकटून बसली होती. डोळे सताड उघडे, कान पाठीवर चापून बसवलेले. ललित पोटावर आडवा झाला आणि तसाच पडून राहिला. ऊन चढलं. मंजुषाच्या सँडलमध्ये खडे गेले.

“जरा हुसकव की. कान तरी उभे होऊ देत.”

“नाही.”

“टाळी वाजवू?”

“मॅडम, तुम्ही बांधावर बसता का?” तो दात आवळून म्हणाला.

ती बांधावर जाऊन बसली. चिमाजी शेजारी येऊन उकिडवा बसला.

“यांची आई कुठाय?”

“ती दिवसा जवळ येत नाय, ताई. दिवेलागणीला येती, पाजती आन् जाती. रोज तिकडून, वढ्याच्या अंगानं.”

ललितने मान वळवून चिमाजीकडे असं पाहिलं, की तो बोलायचाच थांबला. पिल्लं बिथरतील म्हणून असेल, असं मंजुषाला वाटलं.

शेवटी एका पिल्लाने कान उचलले. कॅमेरा खटकला. मंजुषाने सुस्कारा सोडला.

त्या संध्याकाळी फोटो धुऊन आला, तो मात्र पाहत राहावं असा होता. पिल्लाच्या मिशांवर घासाचं एक पान टेकलं होतं. तिने ओळ लिहायला घेतली. ललित पाठीशी येऊन उभा राहिला.

“निदान गाव तरी काढा.”

“तुझ्या शेतकऱ्याला विचारलंय मी. तो म्हणाला, नाव छापलं तर पेपर पाठवा.”

“त्याला कळत नाही, मॅडम.”

“आणि मला?”

ललितने फोटो उचलून पुन्हा खाली ठेवला. मग म्हणाला, “माझं नाव नका टाकू मग.”

“नको टाकू? नाही टाकत!” तिने त्याचं नाव खोडलं. फोटोग्राफरांचे नखरे सांभाळत बसली तर पान कधी लागणार?

रविवारी फोटो छापून आला. खाली ओळ होती : ‘सायखेड्याच्या नदीकाठी चिमाजी यांच्या घासाच्या शेतात विसावलेली सशाची पिल्लं. मादी दिवसभर दूर राहते आणि दिवेलागणीला ओढ्याच्या बाजूने येऊन त्यांना पाजते.’

सोमवारी संपादक स्वतः तिच्या टेबलापाशी आले. “अशी ओळ पाहिजे,” ते म्हणाले. “वाचकाला सगळं कळलं पाहिजे.” पान तिच्याकडेच राहिलं.

त्याहून मोठी गंमत घरी झाली होती. नवनाथने फोटोखालची ओळ दोनदा वाचली आणि एकही चूक काढली नाही. “झकास, वहिनी,” म्हणाला, आणि पान घडी करून घेऊन गेला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा चहा शांतपणे झाला.

त्याच आठवड्यात एकदा ती दमून घरी आली, तर नवनाथ स्वयंपाकघरात. “आज तुम्हाला सुट्टी. सगळं मी केलंय.” त्याने ताट वाढलं. काळ्या मसाल्याचा रस्सा, बाजरीची भाकरी, कांदा. भूक सपाटून लागली होती. तिने दुसऱ्यांदा रस्सा मागून घेतला.

“छान झालंय हो, भाऊजी. गावठी कोंबडी दिसतेय. कुठून आणलीत?”

“कोंबडी कुठली?” नवनाथ हसला. “तुमचीच कृपा, वहिनी. जागा कळली, वेळ कळली, यायची वाटसुद्धा कळली. आम्ही मित्र नुसते जाळं लावून बसलो.”

मंजुषाचा घास हातातच राहिला.

“आणि पिल्लं?”

“छे, त्यांना हातसुद्धा नाही लावला,” तो वाटीत आणखी रस्सा ओतत म्हणाला. “आहेत तिथंच बसलेली. एवढ्याशा जिवांना कशाला मारायचं?”