चार संत्री

बोरामच्या अख्ख्या वर्गाला गृहपाठ मिळाला होता: आपल्यापेक्षा खालच्या सामाजिक थरातल्या एका व्यक्तीची मुलाखत घ्या. तेव्हापासून सोल शहरातल्या त्यांच्या भाड्याच्या घरात तिच्या आईला, ओक-हीला, चैन नव्हतं.

"जिना पुसणाऱ्या मावशींना विचारू?" बोरामने विचारलं.

"विचार. पण गृहपाठाचं नाव काढू नकोस गं, जिवाला लागेल त्यांच्या. चार संत्री दे आणि म्हण, सहज गप्पा माराव्याशा वाटल्या."

ओक-ही संत्री निवडायला वळली, तोच बेल वाजली. दारात बोरामच्या वर्गातली ग्युरी होती, कुंपणापलीकडच्या, स्वतःच्या मालकीच्या फ्लॅटमध्ये राहणारी. हातात स्ट्रॉबेरीचा मोठा खोका.



"काकू, तुमच्याशी सहज गप्पा माराव्याशा वाटल्या."