नाव घेतलं

"हे कोण आहेत?" वेणूबाईंच्या कपाळावरच्या, बोलायला शिकवणाऱ्या पट्ट्यानं पुन्हा विचारलं.

अर्धांगाच्या झटक्यात वाचा गेलेल्या वेणूबाई नवऱ्याकडं, तुळशीरामांकडं बघून लाजल्या. "अवं."

"उत्तर चूक."

"आत्या, नाव घ्या की! मामा काय पळून जात न्हाईत," सून कल्पना हसली.

पट्टा हळू चालवला, तर गेलेले शब्द वर्षभरात आपल्या पावलांनी घरी यायचे. मात्रा वाढवली, तर एका रात्रीत. पण जे चूक ठरलं ते पट्टा पुसून टाकायचा. डॉक्टरीणबाईंनी तसं बजावलं होतं. तरी तुळशीरामांना मुकं घर सोसवेना. त्यांनीच मात्रा शेवटच्या खुणेपर्यंत नेली.

सकाळी वेणूबाईंनी डब्याडब्यावर बोट ठेवून मोहरी, हळद, मेथी अशी नावं घडाघडा घेतली. कल्पनाला रडूच फुटलं.

"तुळशीराम मोहिते, चहा झाला आहे," वेणूबाईंनी हाक मारली.

सोप्यातले तुळशीराम बसूनच राहिले. कल्पनानं "मामा, तुम्हालाच बोलावत्यात," म्हटल्यावर आत आले.

"वेणू, एकदा अवं म्हण."

"अवं म्हणजे काय?" वेणूबाईंनी शांतपणे विचारलं.

"काही न्हाई."

त्यांनी कप घेतला आणि वाफाळता चहा फुंकर न घालताच पिऊन टाकला.