पहिली सुई

कांताबाईंच्या दोन्ही हातांच्या शिरा डायलिसिसच्या सुयांनी निकामी झाल्या होत्या. सुई टोचायला जागाच उरली नव्हती. म्हणून दीड महिन्यापूर्वी इंदूरच्या डॉक्टरांनी त्यांच्या दंडात प्रयोगशाळेत वाढवलेली रक्तवाहिनी बसवली. मानवी पेशींपासून ती संशोधक संबोधीनं घडवली होती. नऊ वर्षांत अशा कितीतरी नळ्या तिच्यासमोर काचपात्रातच फुटल्या होत्या. आज या वाहिनीत पहिली सुई जाणार होती. नर्सनं ती टोचली आणि मशीन सुरू झालं. संबोधी मात्र धास्तावून दाराशीच थांबली. “तूच बनवलीस ना? मग दूर काय उभी? हात लावून बघ,” कांताबाई म्हणाल्या. तिनं दंडावर बोटं टेकवली. कातडीखाली रक्त थरथरत धावत होतं. संबोधीचे डोळे भरून आले. “अरे, रडतेस काय बेटा?” कांताबाईंनी दुसऱ्या हातानं तिचा गाल पुसला. “सच्ची, मला जरापण दुखत नाहीये.”