प्रयागबाईंचा नेम

पुंजाजींचं पोट वर्षभर बिघडलेलं होतं. मुरडा येई, दिवसातून कैकदा परसाकडे धावावं लागे आणि कारण कुणालाच कळेना. शेवटी वाशीमच्या वैद्यांनी नाडी धरून विचारलं, "तांब्याच्या भांड्यात कळकलेलं दूध-दही पोटात जातं का?"

"नाई जी," पुंजाजी म्हणाले.

दाराआड उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोच्या, प्रयागबाईंच्या काळजात धस्स झालं. नवऱ्याला आयुष्य लाभावं म्हणून नेम धरून, रात्रीच तांब्याच्या पंचपात्रात कालवून ठेवलेलं पंचामृत त्या रोज पहाटे त्यांना पाजत होत्या.

परतताना बैलबंडीत त्यांनी रडतच विचारलं, "तीर्थाचं काहून नाई सांगतलं जी तुमी?"

 

"वैद्यानं बंद कराले लावलं असतं. मंग तुया नेम मोडला असता ना!"