तीन कमानी, मधली मोठी

“अकरा, बारा, तेरा. झाल्या बाप्पा पायऱ्या,” मैनाबाई मोठ्यानं म्हणाल्या, तशी पुढे चालणाऱ्या, सहलीतल्याच रागिणीनं कानातलं यंत्र आणखी घट्ट बसवलं.

त्या यंत्रातून मंजुषाचा आवाज येत होता. मंजुषा मूळची अमरावतीची, पंधरा वर्षांपासून रोमला राहणारी. सुट्टीत आलेल्या मराठी मंडळींना जुनं रोम पायी हिंडवून दाखवणं हे तिचं काम. या खेपेला अमरावती-अकोल्याची सोळा माणसं होती. पहिल्याच दिवशी तिनं बजावलं होतं, “ज्यांना या दगडांवरून चालणं झेपणार नाही, त्यांनी बसमध्ये थांबायचं. कोणी पडलं तर मला उत्तर द्यावं लागतं.”

मैनाबाईंचे गुडघे दुखत. निदान त्या तसं सांगत. म्हणून त्या सतत नवऱ्याचा दंड धरून चालत. उत्तमराव सर उंच, ताठ, काळा चष्मा लावलेले. अकोटच्या शाळेत तेहतीस वर्षं इतिहास शिकवून आता अकोल्याला, जठारपेठेत स्थिरावलेले.

“बाईंना चालायला सरांचा आधार लागतो,” रागिणी म्हणे. “बोलायला मात्र कोणाचाच लागत नाही.”

ते खरंच होतं. बाकीचे फोटो काढत, मुकाट पाहत. मैनाबाई विचारत.

“काहो, हे पाहा. तीन कमानी हायेत. मधली मोठी, बाजूच्या लहान. वर अक्षरं कोरेल हायेत. कोनाचं जी हे?”

“सेप्टिमियस सेव्हरसची विजयकमान,” सर मान वर करून म्हणाले. “इसवी सन दोनशे तीन.”

मंजुषा तेच सांगायला निघाली होती. तिनं हसून त्यांना हात जोडले. सर मात्र गंभीरच राहिले.

पँथिऑनच्या पुरातन देवळापुढेही तेच. “समोर आठ खांब हायेत. आपल्या अकोटच्या कापसाच्या जिनिंगच्या चिमणीवानी.”

“त्यामागे आणखी आठ असतील. मोज बरं.”

मैनाबाईंनी बोट नाचवत मोजले. “हायेत बाप्पा! आठच हायेत!” आणि जणू ते सरांनीच बांधले असावेत अशा कौतुकानं त्यांच्याकडे पाहिलं.

सरांनी एकही फोटो काढला नाही. भिंत जवळ आली की ते तिच्यावर तळहात ठेवत. “सर, हात नका लावू,” असं मंजुषा म्हणाली की वर्गात पकडलेल्या विद्यार्थ्यासारखा हात खिशात घालत.

तिसऱ्या दिवशी टेकडीच्या चढावर ते एकदम थांबले. “मैना, बहर आला आहे.”

मैनाबाईंचं माहेर संत्र्याच्या बागांच्या शेंदूरजनाघाटचं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, टाचा उंच करून एका भिंतीपलीकडे डोकावल्या. “अवो, संत्र्याचीच झाडं हायेत जी! पांढरी फुलं लागेल हायेत. एवढ्या दूर येऊन माहेर भेटलं मले.” त्यांनी पदरानं डोळे पुसले. सर समाधानानं नुसते हसले.

त्या संध्याकाळी जेवणाआधी रागिणीनं मंजुषाला गाठलं. दोघीतिघी आणखी होत्या. मंजुषाला काही तरी करणं भाग होतं. ती मैनाबाईंच्या टेबलाशी आली. मैनाबाई सरांचं ताट वाढत होत्या. “भात उजवीकडं, भाजी डावीकडं,” हे चालूच होतं.

“काकू, राग मानू नका. उद्या शेवटचा फेरा, कोलोसियमचा. तुमच्या बोलण्यात लोकांना माझं ऐकू येत नाही म्हणतात. उद्याही तसंच झालं, तर मला तुम्हां दोघांना बसमध्ये बसवावं लागेल.”

“दोघांलेही? यायले काहून?”

“तुम्हाला एकटीला कसं बसवू?”

मैनाबाईंच्या हातातली पळी थांबली. दरवर्षी सातवीच्या वर्गात सर फळ्यावर खडूनं कोलोसियम काढत. पोरं विचारत, “सर, तुमी पाह्यलं का?” आणि सर म्हणत, “पाहीन.” निवृत्तीनंतर हे ‘पाहीन’ दर उन्हाळ्यात पुढे ढकललं गेलं होतं.

“नाही बोलत पोरी,” मैनाबाई म्हणाल्या. “उद्या एक अक्षर नाही बोलत.”

“जमेल, मैना,” सर हळूच म्हणाले. “तू नको काळजी करू.”

दुसऱ्या दिवशी मैनाबाईंनी वचन पाळलं. कमानी आल्या, गेल्या. पायऱ्या आल्या, गेल्या. मैनाबाई ओठ मिटून चालत होत्या, सरांच्या दंडावरची बोटं मात्र घट्ट. एका उंच दगडाला सरांचा पाय अडला. मैनाबाईंनी सावरलं. मंजुषानं मागे वळून पाहिलं आणि ती काही क्षण तशीच पाहत राहिली.

मग गल्ली वळली, मोकळी जागा आली, आणि सगळ्यांच्या तोंडून एकदम निघालं, “अबब!”

पुढे सरसावलेल्या मंडळींचा धक्का लागून सर फिरले आणि मैनाबाईंच्या हातून त्यांचा दंड सुटला. सर जिथे होते तिथेच थांबले. त्यांनी काळा चष्मा काढला. डोळे भरून आले होते. त्यांनी हात जोडले.

“मैना,” ते म्हणाले, “केवढं गं हे! माझा फळा पुरलाच नसता.”

त्यांच्या समोर आईस्क्रीमची गाडी होती. कोलोसियम त्यांच्या पाठीमागे होतं.

कोणी तरी हसायला लागलं आणि मध्येच थांबलं. मैनाबाई ओठ मिटलेल्याच पुढे आल्या. त्यांनी सरांचे दोन्ही खांदे धरून त्यांना हळूच उलटं फिरवलं. रागिणीनं कानातलं यंत्र काढून हातात घेतलं.

मंजुषानं स्वतःचा माईक बंद केला.

“बोला काकू,” ती म्हणाली. “सरांना सांगा, कमानी किती आहेत ते.”