उडी न घेता

जेवायला बसायचा पाट पायाखाली घ्यायचा, ही कुठली रीत? गीताबाईंची ही तक्रार अर्ध्या कापडे गावाला ऐकवून झाली होती. सून प्रियदर्शिनी मात्र ढिम्म. पाय जरा उंचावर असले की कंबर वर न्यायला सोपं जातं, एवढंच तिचं उत्तर. आधी ती खुर्चीवर पाय ठेवायची, मग पाटावर आली. पोर झाल्यापासून कंपनीतली पाळी, घरचं काम, आणि उरल्या वेळात अंगणात पाय फाकवून पोट भुईला टेकवणं. बघणाऱ्यानं मान फिरवावी असं.

आज पाट नव्हता. पाय भुईवरच.

योगासनांच्या जिल्हा संघासाठी व्हिडिओ पाठवायचा आज शेवटचा दिवस. पुढच्या वर्षी ती वयाच्या गटाबाहेर जाणार होती. हातांवर उभं राहायचं, पण उडी न घेता. तळवे टेकायचे, खांदे पुढं झुकवायचे, कंबर वर ओढायची. टाचा आपसूक सुटल्या पाहिजेत. लग्नाआधी तिला हे सहज जमायचं.

नवरा बुद्धरत्न फोन धरून उभा. नात गीताबाईंच्या कडेवर. प्रियदर्शिनीची दुसरी पाळी होती. कंपनीची बस फाट्यावर यायला आली होती.

पहिल्या खेपेला कोपर वाकलं. मग कंबर अर्ध्यावरून खाली आली.

"एवढी लावणीला वाकली असतीस, तर भात घरात मावलं नसतं."

"आई, बोलू नका हो. हसू आलं की हात सुटतात."

"मग हसू नको. तोंड माझं हाय, हात तुझे हायत."

प्रियदर्शिनीनं तळवे पुसले, पुन्हा टेकले. दंड थरथरले. कंबर चढली, पाय बाजूंनी वर गेले, जुळले. ती उभी राहिली. हलली नाही.

"जमलं!" बुद्धरत्न ओरडला. "पाठवतो लगेच."

ती खाली आली आणि मनगटं चोळत बसली. हसली नाही.

"दाव मला," गीताबाई म्हणाल्या. फोन डोळ्यांपासून लांब धरून त्यांनी बघितलं. "परत दाव."

"आये, बस चुकंल तिची. एवढंसं कुणाला दिसतंय त्यात?"

गीताबाईंनी फोन त्याच्या हातात दिला. नातीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि सुनेच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

"पायानं भुईला धक्का मारलास तू, उडीच ती. तुला म्हायत हाय, आता मला पण. बस जाऊंदे. तो व्हिडिओ पुस रे, नि तू हात टेक गं."